शेजाऱ्यांचे मैदान : दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांची चाळीस वर्षे

८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांच्या प्रमुखांनी ‘सार्क’च्या सनदेवर सह्या केल्या. दक्षिण आशियाच्या इतिहासात ही तारीख मानाने नोंदली जाते. त्याच्या पंधरा महिने आधी, सप्टेंबर १९८४ मध्ये, याच सात देशांचे खेळाडू काठमांडूला जमले होते, एकमेकांशी झुंजून आपापल्या घरी परतलेही होते. ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नाही. नेत्यांच्या आधी धावपटू, मुष्टियोद्धे आणि फुटबॉलपटू एकत्र आले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर एकदाही भरलेली नाही. खेळाडू मात्र त्यानंतर दोनदा भेटले. राजकारणाने हात आखडता घेतला तरी मैदानाने बराच काळ शेजारधर्म सांभाळला. म्हणून या स्पर्धांचा इतिहास नुसत्या पदकतक्त्यांवर सोपवून चालणार नाही.

या स्पर्धांची गरज का भासली, हे समजायला १९८२ च्या दिल्लीकडे पाहावे लागते. त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धांत चीनने प्रथमच जपानला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. जपान, चीन आणि दोन्ही कोरिया यांच्यापुढे उभे राहणे यजमान भारतालाही जड जात होते; नेपाळ आणि बांगलादेश यांना तर तोवर आशियाई स्पर्धांत एकही पदक मिळालेले नव्हते. आशियाई स्पर्धांची सुरुवात १९५१ मध्ये याच दिल्लीत झाली आणि नेपाळ तेव्हापासूनच्या यादीत आहे. म्हणजे तीस वर्षे संघ पाठवायचा, संचलनात झेंडा मिरवायचा आणि प्राथमिक फेरीत हरून परत यायचे. ज्या देशात मुलांनी आपल्यातला कोणी विजेता पाहिलेलाच नाही, तिथे खेळात आयुष्य घालायला कोण धजावणार? शेजाऱ्यांचीच एक वेगळी स्पर्धा असावी, या विचाराने १९८३ च्या सुमारास जोर धरला. सात देशांचे परराष्ट्रमंत्री प्रादेशिक सहकार्याची भाषा बोलू लागले तेही याच काळात.

पहिला मान नेपाळने घेतला. काठमांडूच्या त्रिपुरेश्वर भागातले दशरथ रंगशाला हे मैदान दशरथ चंद यांच्या नावाचे आहे. राणा राजवटीने १९४१ मध्ये ज्या चार जणांना देहदंड दिला, त्यांतले ते एक. १७ सप्टेंबर १९८४ रोजी तिथे ‘साऊथ एशियन फेडरेशन गेम्स’, म्हणजेच ‘साफ गेम्स’, सुरू झाल्या. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव असे सात देश, आणि अ‍ॅथलेटिक्स, जलतरण, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन व फुटबॉल असे पाच खेळ. आजच्या मानाने हा पसारा लहानच. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात १९७१ चे रक्त सांडून तेरा वर्षेच झाली होती, आणि पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली त्याला जेमतेम दहा. अशा दोन देशांची पोरे आता एकाच शर्यतीत शेजारच्या लेनमध्ये उभी राहत होती.

भारताने ४४ सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक घेतला. नेपाळला चार मिळाली. भारताने फुटबॉलचा संघ पाठवला नव्हता. अंतिम सामन्यात नेपाळने बांगलादेशाला ४-२ असे हरवले आणि काठमांडूने आपला पहिला मोठा फुटबॉल विजय साजरा केला. भारत नव्हता म्हणून त्या पदकाचे वजन कमी होते असे म्हणणाऱ्यांनी पुढचा इतिहास पाहावा. १९९३ मध्ये ढाक्यात नेपाळने अंतिम सामन्यात भारतालाच पेनल्टी शूटआउटवर हरवले, आणि २०१६ मध्ये गुवाहाटीत, भारताच्या भूमीवर, २-१ असे.

त्याच पहिल्या स्पर्धेत नेपाळला एक नायक मिळाला. बैकुंठ मानंधर मॅरेथॉन धावत असे. ऑलिम्पिकमध्ये तो १९७६ ते १९८८ या काळात चार वेळा उतरला, पण तिथल्या आघाडीच्या धावपटूंशी त्याची गाठ पडणे अवघडच होते. शेजाऱ्यांच्या मैदानात मात्र तो १९८४ मध्ये जिंकला, १९८५ मध्ये जिंकला आणि १९८७ मध्ये कोलकात्यात २ तास १५ मिनिटे ३ सेकंद अशी वेळ देऊन तिसऱ्यांदा जिंकला. बेचाळीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर या वेळेत कापणे म्हणजे दर किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्याही आत, आणि तेही सलग सव्वादोन तास. ही वेळ कोणत्याही देशात मानाचीच ठरली असती. नेपाळमध्ये लांब पल्ल्याच्या धावण्याला जी प्रतिष्ठा आली, ती या तीन विजयांनी. कर्तृत्व माणसाचेच होते, पण ते त्याच्या देशाच्या नजरेत भरले ते या मैदानामुळे.

दुसरी स्पर्धा ढाक्याला, २० डिसेंबर १९८५ पासून. सार्कच्या सनदेवरची शाई वाळते न वाळते तोच त्याच शहरात सातही देशांचे झेंडे पुन्हा फडकले. या स्पर्धेने बांगलादेशाला दोन नावे दिली. मुशर्रफ हुसेन खान या जलतरणपटूने पाच सुवर्णपदके पटकावली. नद्यांच्या देशात पोहणे घरोघर येते, पण पोहून देशाचे नाव काढता येते हे लोकांनी तेव्हा पाहिले. दुसरे नाव शाह आलम. हा बांगलादेशी सैन्यातला जवान शंभर मीटर १०.८० सेकंदांत धावला आणि दक्षिण आशियातला सर्वांत वेगवान माणूस ठरला. दोन वर्षांनी कोलकात्यात त्याने १०.७९ सेकंदांची वेळ देऊन तो मान राखला. यजमान भारताच्या धावपटूंना त्यांच्याच घरी मागे टाकून मिळवलेला तो विजय होता. पुढे मोटारसायकल अपघातात त्याचा मृत्यू झाला. ऐन उमेदीतला खेळाडू गेल्याची हळहळ बांगलादेशात आजही बोलून दाखवली जाते. १९९३ मध्ये ढाक्यातच विमल चंद्र तरफदार याने शंभर मीटर जिंकून ते पद पुन्हा घरी आणले.

ढाक्याच्या १९८५ च्या स्पर्धेशी महाराष्ट्राचे एक खास नाते आहे. कबड्डीला इथे पहिल्यांदा जागा मिळाली. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय खेळ. तिथे त्याला हाडुडु म्हणतात, आपल्याकडे हुतूतू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी कबड्डीसाठी उभे आयुष्य वेचले. पण प्रात्यक्षिक वेगळे आणि दुसऱ्या देशाच्या संघाविरुद्ध पदकासाठी चढाई करणे वेगळे. ते ढाक्यात घडले. पाचच वर्षांनी, १९९० मध्ये, बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली. सुवर्ण भारताला, रौप्य बांगलादेशाला, कांस्य पाकिस्तानला. तिन्ही पदके शेजाऱ्यांतच वाटली गेली. आधी आपसांत खेळून हा खेळ तावूनसुलाखून निघाला होता, म्हणूनच तो आशियापुढे ठेवता आला.

स्पर्धा दर दोन वर्षांनी फिरत राहिल्या : १९८७ कोलकाता, १९८९ इस्लामाबाद, १९९१ कोलंबो, १९९३ ढाका, १९९५ मद्रास. यजमान देशाची पदके दरवेळी उसळी घेत. इस्लामाबादेत पाकिस्तानने ४२ सुवर्णपदके मिळवली, कोलंबोत श्रीलंकेने ४४. घरचे प्रेक्षक, मोठा संघ, स्पर्धेसाठी बांधलेले तलाव आणि धावमार्ग या सगळ्यांचा तो परिणाम होता. श्रीलंकेच्या ज्युलियन बोलिंगने १९८४ ते १९९१ या काळात जलतरणात एकट्याने पंधरा सुवर्णपदके जमवली. तेव्हा त्याचा देश गृहयुद्धात होरपळत होता. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज स्फोट आणि चकमकी. शेवटच्या पानावर तलावातून बाहेर पडणारा हा हसरा तरुण. देशाला जगायला शेवटचे पानही लागते.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. या स्पर्धांचे वेळापत्रक म्हणजे उपखंडातल्या राजकारणाची नाडीच. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध जुलैअखेर संपले आणि २५ सप्टेंबरला काठमांडूत भारत व पाकिस्तानचे खेळाडू एकाच संचलनात चालले. त्या वर्षी फुटबॉलचे सुवर्ण बांगलादेशाने प्रथमच मिळवले. अंतिम सामन्यात अल्फाज अहमदच्या एकमेव गोलने यजमान नेपाळ हरला.

पुढची स्पर्धा २००१ मध्ये इस्लामाबादला ठरली होती. ११ सप्टेंबरला अमेरिकेवर हल्ले झाले, अफगाणिस्तानात युद्ध पेटले, डिसेंबरात भारताच्या संसदेवर हल्ला झाला आणि दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर येऊन ठेपली. स्पर्धा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली, जानेवारी २००४ मध्ये अटलबिहारी वाजपेयी सार्क परिषदेसाठी इस्लामाबादला गेले आणि साचलेले सगळे एकदम वाहते झाले. २९ मार्च २००४ या दिवशी मुलतानच्या कसोटीत वीरेंद्र सेहवागने त्रिशतक पुरे केले, आणि त्याच दिवशी इस्लामाबादेत दक्षिण आशियाई स्पर्धांचे उद्घाटन झाले. भारतात त्या दिवसाची आठवण सेहवागपुरतीच उरली आहे. पण इस्लामाबादेत त्या दिवशी अफगाणिस्तानचा संघही होता. तालिबानच्या काळात ज्या देशात मुलींना मैदानाची दारे बंद होती आणि काबूलच्या स्टेडियममध्ये जाहीर शिक्षा दिल्या जात, तो देश आठवा शेजारी म्हणून या कुटुंबात आला. स्पर्धांच्या नावातला ‘फेडरेशन’ हा शब्दही तेव्हाच गळला आणि त्या नुसत्या ‘दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा’ झाल्या.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, कोलंबोची पाळी आली तेव्हा श्रीलंकेत शस्त्रसंधी मोडकळीला आली होती. १४ ऑगस्टला कोलंबोत पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या ताफ्यावर बॉम्बहल्ला झाला, माणसे मेली. तिथे क्रिकेट खेळायला आलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ मायदेशी परतला. चारच दिवसांनी, १८ ऑगस्टला, दक्षिण आशियाई स्पर्धा ठरल्याप्रमाणे सुरू झाल्या. आठही देश आले, पाकिस्तानही आला, आणि फुटबॉलचे सुवर्ण जिंकून गेला. बाहेरच्या पाहुण्याला निघून जाता येते. शेजारी कुठे जाणार? या स्पर्धांच्या इतिहासातले कोलंबोचे ते दहा दिवस मला सर्वांत अभिमानाचे वाटतात.

२०१० मध्ये स्पर्धा तिसऱ्यांदा ढाक्यात झाली. महिलांच्या शंभर मीटरमध्ये पाकिस्तानच्या नसीम हमीदने ११.८१ सेकंदांत बाजी मारली. ती कराचीच्या कोरंगी भागातली, हातावर पोट असलेल्या कुटुंबातली. पाकिस्तानच्या एखाद्या मुलीने ही शर्यत जिंकल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि परतल्यावर कराचीने तिला डोक्यावर घेतले. जिथे मुलींनी अर्ध्या बाहीच्या कपड्यांत धावावे की नाही यावर वाद होतात, तिथे एका मजुराच्या मुलीला ‘दक्षिण आशियातली सर्वांत वेगवान स्त्री’ म्हणून हार घातले गेले. परिषदांतल्या ठरावांनी हे साधले नसते.

पुढची स्पर्धा २०१२ मध्ये भारतात व्हायची होती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटनेला डिसेंबर २०१२ मध्ये निलंबित केले आणि घोळ वाढत गेला. यावेळी अडसर शेजाऱ्याचा नव्हता, आपल्याच घरच्या कारभाराचा होता. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी आणि शिलाँग यांनी ही जबाबदारी पेलली. महिनाभर आधी पठाणकोटच्या हवाई तळावर दहशतवादी हल्ला झालेला होता. तरीही पाकिस्तानचा संघ आला, आणि ईशान्य भारतातल्या प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले.

गुवाहाटीत भारताने १८८ सुवर्णपदके मिळवली. एवढा मोठा आकडा पाहून अनेकांनी नाके मुरडली : ही कसली स्पर्धा, हा तर एकतर्फी मामला. पण त्या स्पर्धेतले दोन प्रसंग जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिला भारोत्तोलनाच्या मंचावरचा. बांगलादेशाची माबिया अख्तर सीमांत ६३ किलो गटात पहिली आली. गळ्यात पदक पडले, तिचा झेंडा वर चढू लागला, राष्ट्रगीत सुरू झाले. ताठ उभी राहून तिने हात कपाळाशी नेऊन सलामी दिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने ते पुसले नाही, हातही खाली घेतला नाही. गीत संपेपर्यंत ती तशीच उभी होती. ते चित्रण बांगलादेशात घरोघर पाहिले गेले. वाजत होते ते गीत रवींद्रनाथांचे. समोर बसलेल्या भारतीय प्रेक्षकांचे राष्ट्रगीतही त्यांचेच. भारताच्या १८८ पदकांत त्या एका पदकाने काहीच फरक पडत नव्हता. बांगलादेशातल्या मुलींना मात्र त्या एका पदकाने वाट दाखवली. तीन वर्षांनी काठमांडूत माबियाने पुन्हा सुवर्ण जिंकले.

दुसरा प्रसंग भालाफेकीचा. हरयाणाच्या खांद्रा गावचा अठरा वर्षांचा नीरज चोप्रा ८२.२३ मीटर फेक करून पहिला आला. त्याच स्पर्धेत पाकिस्तानी पंजाबातल्या मियाँ चन्नूजवळचा अर्शद नदीम ७८.३३ मीटर फेकून तिसरा आला. त्या दिवशी या दोघांची नावे फार थोड्यांना ठाऊक होती. पुढे २०१९ च्या काठमांडू स्पर्धेत नीरज कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे नव्हता, अर्शदने ८६.२९ मीटर फेक करून सुवर्ण जिंकले आणि ८५ मीटरची अट पार करून थेट टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. टोकियोत नीरज पहिला, अर्शद पाचवा. २०२४ मध्ये पॅरिसला अर्शद ९२.९७ मीटरसह पहिला, नीरज ८९.४५ मीटरसह दुसरा. त्या रात्री नीरजच्या आईने अर्शदही आपलाच मुलगा असल्याचे सांगितले आणि अर्शदच्या आईनेही नीरजसाठी दुआ केल्याचे सांगितले. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत एका क्रीडाप्रकाराची पहिली दोन पदके या उपखंडात आली, आणि त्या दोघांची पहिली गाठ पडली होती गुवाहाटीत. दर्जा नाही म्हणून जिची हेटाळणी होते, त्याच स्पर्धेने हे घडवले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने गुवाहाटीचे आणखी एक महत्त्व आहे. खो-खो तिथे प्रथमच दक्षिण आशियाई स्पर्धांत आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ज्या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवले, जो आपल्या गावोगावच्या शाळांच्या पटांगणात वाढला, त्याला शंभर वर्षांनी शेजाऱ्यांच्या साक्षीने पदक लाभले. भारतीय महिला संघाची कर्णधार होती उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे; तिला पुढे २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. भारत दोन्ही गटांत जिंकला. पण खरी कमाई पुढे दिसली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला या दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळ उभा होता. भारताचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोघेही महाराष्ट्राचे. आपला खेळ जगाने खेळावा असे वाटत असेल तर तो आधी शेजाऱ्याने मनापासून खेळायला हवा, हे नेपाळच्या त्या दोन संघांनी दाखवून दिले.

१ डिसेंबर २०१९ रोजी तेरावी स्पर्धा पुन्हा दशरथ रंगशालेत सुरू झाली. २०१५ च्या भूकंपात या मैदानाची पडझड झाली होती. स्पर्धेसाठी ते नव्याने उभारले गेले. नेपाळने ५१ सुवर्णपदके मिळवली, त्यांतली चार जलतरणपटू गौरिका सिंहची. बांगलादेशाने तिरंदाजीतली दहाच्या दहा सुवर्णपदके नेली. भारतीय तिरंदाजी संघटना निलंबित असल्याने आपले तिरंदाज तिथे नव्हते. आणि पुरुषांची शंभर मीटर जिंकली मालदीवच्या हसन सईदने. १९८४ पासून न चुकता येणाऱ्या या बेटांच्या देशाला पहिले सुवर्णपदक मिळायला पस्तीस वर्षे लागली, आणि मिळाले ते सर्वांत मानाच्या शर्यतीत. मालदीवची सगळी लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्या देशाने पस्तीस वर्षे सुवर्णाशिवाय परतूनही येणे सोडले नाही, याला मी खरी खिलाडूवृत्ती म्हणतो.

त्यानंतर मात्र मैदान सुने आहे. चौदावी स्पर्धा पाकिस्तानात व्हायची ठरली. करोनाची साथ आली, तारखा बदलल्या, पुन्हा बदलल्या. मे २०२५ मध्ये तर भारत आणि पाकिस्तान यांच्यात लष्करी संघर्ष झाला. अशा वेळी खेळाचे बोलणेही अनेकांना अस्थानी वाटते, आणि ज्यांच्या घरची माणसे दहशतवादाने नेली त्यांच्या संतापापुढे कोणीही मान खाली घालावी.

पण या स्पर्धा भारत-पाकिस्तानच्या मालकीच्या कधीच नव्हत्या. तेरापैकी आठ स्पर्धा काठमांडू, ढाका आणि कोलंबो या तीन शहरांनी भरवल्या आहेत. दोन मोठ्या देशांनी एकमेकांकडे पाठ फिरवली तेव्हाही लहान देशांनी अंगण झाडून ठेवले, कधी युद्धाच्या सावलीत, कधी भूकंपाच्या ढिगाऱ्यावर. पाकिस्तानात स्पर्धा भरवणे आज शक्य नसेल तर ती पुन्हा या लहान देशांकडे जावी, आणि त्यासाठी लागेल ती मदत भारताने पुढे होऊन करावी. २०३६ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मागणाऱ्या देशाला हा खर्च जड नाही. आपण दुय्यम संघ पाठवण्याची सवयही सोडायला हवी. भूतानच्या धावपटूला भारताच्या उत्तम धावपटूशेजारी धावायला मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि त्यातून आपलाही धावपटू घडतो.

२०१९ मध्ये बारा वर्षांची असलेली ढाक्याची, काठमांडूची किंवा धाराशिवची मुलगी आता ऐन भरात आली आहे. तिला ऑलिम्पिकच्या आधी कुठेतरी देशाचा पोशाख घालून परक्या संघापुढे उभे राहायला हवे, हरायला हवे, जिंकायला हवे. बैकुंठ मानंधर, शाह आलम, नसीम, माबिया, नीरज आणि अर्शद यांना ती संधी मिळाली, कारण त्यांच्या आधीच्या लोकांनी भांडणे मिटण्याची वाट न पाहता मैदान आखले. खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकी असतात, आणि ती राजकारणासाठी थांबत नाहीत. पुढची स्पर्धा लवकरात लवकर भरवणे, हे आठही देशांचे त्यांच्याप्रती असलेले देणे आहे.